गाडीला स्ट्रट बार बसवताय? मधला नट खोलू नका, आणि आधी खडखड कुठून येते ते बघा

जुनी गाडी घेतली की पहिले काही दिवस बरे जातात. मग खड्ड्यात गेल्यावर पुढून खडखड यायला लागते, वळणावर गाडी झुकल्यासारखी वाटते. मोबाईलवर व्हिडिओ बघताना कोणीतरी सांगतं, "स्ट्रट बार टाका, गाडी एकदम टाईट होईल." काही हजार रुपयांचा बार घरपोच येतो, आणि घरातली पोरं रविवारी बोनट उघडून पाने घेऊन बसतात. काम तसं अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. पण एक नट चुकीचा खोलला तर जिवावर बेतू शकतं. शिवाय बऱ्याच गाड्यांना ज्या त्रासासाठी बार घेतला जातो, तो त्रास बारने जातच नाही.

स्ट्रट बार करतो तरी काय?

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच जागी. त्याचं वरचं टोक बोनटखाली दोन्ही बाजूंना पत्र्याच्या घुमटीसारख्या भागात बसवलेलं असतं, त्याला टॉवर म्हणतात. गाडी जोरात वळते तेव्हा हे दोन टॉवर अगदी थोडे का होईना, आत-बाहेर हलतात. स्ट्रट बार दोन्ही टॉवर एकमेकांना बांधून ठेवतो.

त्यामुळे पसरणी किंवा केळघर घाटासारख्या लागोपाठच्या वळणांवर स्टेअरिंग थोडं घट्ट वाटतं. फायदा एवढाच. सरळ रस्त्याला फरक जाणवत नाही. गाडीची उंची वाढत नाही, ब्रेक सुधारत नाही, मायलेज वाढत नाही आणि खडखड तर अजिबात जात नाही.

आधी ही तपासणी करा

• पुढच्या एका कोपऱ्यावर जोर देऊन गाडी खाली दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक. दोन-तीनदा हेलकावली तर शॉकअप गेला.
• चाकाच्या आतून टॉर्च मारा. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओला डाग दिसला तर तो गळतोय.
• कच्च्या रस्त्यावर हळू जाताना खडखड येत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड, बुश किंवा शॉकअपच्या वरचं रबरी माउंटिंग खराब असतं.
• गाडी जागेवर उभी असताना एकाला स्टेअरिंग फिरवायला सांगा. टॉवरजवळ "टण" असा आवाज आला तर माउंटिंगची बेअरिंग बघावी लागेल.
• टायर एका कडेनेच झिजत असेल तर आधी अलाइनमेंट करा.
• टॉवरच्या पत्र्याला गंज, चीर किंवा जुन्या वेल्डिंगच्या खुणा असतील तर बार बसवू नका. आधी बॉडीचं काम करा.

यातलं काही निघालं तर बाराचे पैसे आधी तिकडे घाला.

कोणता नट, कोणता नाही

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. बोनट उघडून टॉवरच्या वर बघा. काही गाड्यांत गोलाकार तीन लहान नट असतात आणि मधोमध एक मोठा नट असतो. बाराची प्लेट बसते ती या लहान नटांवर. मधला नट शॉकअपच्या दांड्याचा असतो आणि दाबलेली स्प्रिंग त्याच्यावर अडकलेली असते. तो खोलला तर स्प्रिंग उसळून हात, चेहरा फुटू शकतो. त्याला हात लावायचा नाही.

काही गाड्यांत बाहेरचे तीन नट नसतातच, मधला एकच असतो. तुमची गाडी अशी असेल तर हे काम घरी करू नका, सरळ गॅरेजला न्या.

बसवण्याची पद्धत

१. गाडी सपाट जागेवर घ्या. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना दगड लावा. इंजिन थंड होऊ द्या.

२. जॅक लावू नका. चारही चाकं जमिनीवर हवीत. गाडी उचलली तर शॉकअप आणि चाकाचं वजन याच नटांवर लोंबकळतं, आणि नट काढताच शॉकअप खाली सरकतो.

३. नट काढण्याआधी बार नुसता वर ठेवून बघा. बॅटरी, ब्रेक ऑइलची डबी, वायरिंग, कशालाही घासता कामा नये. बारावर कणकेचे दोन-तीन गोळे ठेवा, बोनट हळूच पूर्ण बंद करा आणि पुन्हा उघडा. गोळा एक सेंटिमीटरपेक्षा पातळ झाला असेल तर बोनट बाराला लागणार.

४. मार्करने माउंटिंगच्या जागेवर खूण करा. काही गाड्यांत भोकं लांबट असतात, माउंटिंग सरकलं तर चाकाचा कोन बदलतो.

५. एका बाजूचे तीन नट काढा. बहुतेक गाड्यांना १२, १३ किंवा १४ नंबरची गोटी लागते. प्लेट बसवा आणि नट हाताने फिरवा. प्लेटच्या जाडीमुळे आटे कमी पडतात का बघा. नट पूर्ण बसून वर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर तो बार तुमच्या गाडीचा नाही, परत पाठवा.

६. दुसरी बाजूही तशीच करा, मग मधला बार लावा. बोल्ट हाताने सहज गेला पाहिजे. हातोडी मारून किंवा ताण देऊन बसवू नका.

७. आता सगळे नट थोडे-थोडे करत आळीपाळीने आवळा. किती आवळायचं ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, तेवढंच टॉर्क पान्याने. हे बोल्ट बारीक असतात. चाकाच्या नटाला लावतो तेवढा जोर लावला तर आटे जातात किंवा बोल्ट तुटतो, आणि मग सगळा शॉकअप खाली उतरवावा लागतो. टॉर्क पाना नसेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून एक दिवसासाठी आणा.

पहिली फेरी गावातच हळू मारा. गतिरोधकावर आवाज येतो का, स्टेअरिंग सरळ राहतं का बघा. शंभरएक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासा. खूण सरकली असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट करून घ्या.

विमा आणि कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलात मनाने बदल करता येत नाही. बार लहानसा असला तरी क्लेमच्या वेळी वाद नको म्हणून विमा कंपनीला आधीच लेखी विचारून ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमलाही विचारा. अपघातात एका टॉवरला बसलेला मार बारामुळे दुसऱ्या टॉवरपर्यंत जाऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

ज्यांची गाडी रोज घाट चढते-उतरते आणि शॉकअप, बुश, टायर चांगले आहेत, त्यांनी बाराचा विचार करावा. बाकीच्यांनी आधी खडखड काढावी. बऱ्याच वेळा ती गेली की बाराची गरजही वाटत नाही.