वाईचे वाडे राखावे कोणीं?

कृष्णाकांठच्या वाईस दक्षिण काशी म्हणतात. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधविलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ भाविकांच्या राबत्यानें तरी सांभाळलें जातें. पण आळींतील जुन्या वाड्यास वाली कोण?

अशाच प्रश्नाचें उत्तर मुंबईनें १९९५ सालीं शोधलें. तेथें शासनानें वारसा-जतनाचे नियम केले व समिती नेमली. तींत वास्तुविशारद, इमारतींचे अभियंते, इतिहासज्ञ अशी जाणती मंडळी असतात. वास्तूंच्या श्रेणी तीन. पहिलींत बळकटीच्या कामाखेरीज फेरफार वर्ज्य. दुसरींत आंतून कांहीं मोकळीक. तिसरींत त्याहून अधिक. यादी कायम करण्यापूर्वीं लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. समितीचें काम सल्ल्याचें. परवानगी देणार महापालिका आयुक्त. मात्र तो सल्ला डावलावयाचा, तर कारण लेखी नोंदवावें लागतें. समितीचें खरें बळ या एका अटींत आहे.

परंतु भाऊबंदकी मिटविणें कोणत्याहि समितीच्या हातचें नव्हे. एक भाऊ डागडुजी करूं म्हणतो, दुसरा विकूं म्हणतो, आणि तोंवर पावसाळे तुळया कुजवितात. म्हणून आरंभ घरांतून व्हावा, असें आम्हांस वाटतें. कृष्णाबाईचा उत्सव जशी प्रत्येक आळी आपल्या घाटावर करते, तशीच प्रत्येक आळीनें आपल्या वाड्यांची टिपणी करावी : बांधणीचा काळ, लांकूडकाम, पडझड, हिस्सेदार. ती एकविचारानें नगरपालिकेपुढें ठेवावी. नाहीं तर वाटणी पुरी होण्याआधींच वाडा बसेल, आणि मग वांटून घ्यावयास केवळ माती उरेल.