हायस्कूलनंतर ही मुलं कुठे पोचतात?

अमेरिकेतील दिव्यांग विद्यार्थ्यांचा माग

कायदा : १९७५पासून दिव्यांग मुलांना मोफत सार्वजनिक शिक्षणाचा हक्क. १९९०मध्ये या कायद्याचं नाव ‘आयडिया’ झालं. विशेष शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र लेखी आराखडा. मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत त्यात शाळेनंतरच्या शिक्षणाची आणि नोकरीची तयारी यायलाच हवी.

राष्ट्रीय पाहण्या : तीन. पहिली १९८०च्या दशकात सुरू झाली. दुसरीत २००० साली १३ ते १६ वर्षांची असलेली सुमारे ११ हजार मुलं. त्याच मुलांकडे अनेक वर्षं पुन्हा पुन्हा विचारणा. तिसरी २०१२ची, तुलनेसाठी तिच्यात विशेष शिक्षण न घेणारी मुलंही.

शाळा सोडल्यावर आठ वर्षांपर्यंत (दुसरी पाहणी, कंसात त्या वयाचे सर्वसाधारण तरुण)
- पुढील शिक्षणाला प्रवेश : ६० टक्के (६७)
- प्रवेश घेतलेल्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण : ४१ टक्के (५२)
- मुलाखतीच्या वेळी नोकरीत : ६० टक्के (६६)
- स्वतंत्र राहणारे : ४५ टक्के (५९)

सर्वांत बोलका आकडा : शाळेत ८७ टक्क्यांना सवलती वा मदत मिळत होती, पुढच्या शिक्षणात फक्त १९ टक्क्यांना. मुलाची गरज ओळखणं ही शाळेची जबाबदारी असते. कॉलेजात विद्यार्थ्याने स्वतः सांगावं लागतं, कागदपत्रं द्यावी लागतात. आपलं अपंगत्व कॉलेजला कळवणारे होते २८ टक्के.

राज्यांचा हिशेब वेगळा : शाळा सोडल्यावर वर्षभरात किती जण शिक्षणात वा नोकरीत आहेत, हे प्रत्येक राज्य केंद्र सरकारला कळवतं.