मानेवरील न दुखणारी गाठ

डोक्यात खवडे झाले, दात किडला किंवा घसा सुजला की मुलांच्या मानेतील लसिकाग्रंथी फुगतात. यालाच आपण अवधाण म्हणतो. ते बहुधा दुखते व मूळ विकार बरा होताच काही आठवड्यांत ओसरते. त्याविषयी शिक्षकांनी चिंता बाळगू नये.

परंतु जी गाठ दुखत नाही, हाताला रबरासारखी लागते व तीन-चार आठवड्यांनंतरही तशीच राहते किंवा वाढते, तिची उपेक्षा होता कामा नये. गळ्याच्या आडव्या हाडावरची गाठ तर ताबडतोब दाखवावी. लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगाचा आरंभ पुष्कळदा असाच होतो. लंडनचे डॉ. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास हॉजकिनचा रोग म्हणतात. कारणावाचून येणारा ताप, रात्री अंथरूण भिजविणारा घाम, सहा महिन्यांत वजनात दशांशाहून अधिक घट, अंगाची खाज, कधी खोकला व धाप ही त्याची इतर लक्षणे होत. वजनाची घट शाळेतील आरोग्यपत्रकावरून चटकन ध्यानात येते. मात्र ते पत्रक खरोखर वजन करून भरलेले असावे!

आपल्याकडे गंडमाळ, म्हणजे क्षयाच्या गाठी, अधिक आढळतात. ताप, घाम व वजनघट तिच्यातही असतात. म्हणून नुसते पाहून निर्णय होत नाही. गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते.

दोन वर्षांपूर्वी शाळातपासणीत तिसरीतील एका मुलाच्या मानेवर बिब्ब्याचा व्रण दिसला. गाठ दिवाळीपूर्वीची, मी गेलो तेव्हा होळी उलटली होती. दुखत नाही म्हणून घरचे निश्चिंत होते, आणि वर्गशिक्षकही. निदान हॉजकिनच्या रोगाचेच झाले. सुदैवाने हा रोग, विशेषतः मुलांमध्ये, औषधोपचाराने बहुतांशी पूर्ण बरा होतो. पालकांस प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. खर्चाच्या भीतीने ते मागे सरत असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, हे सांगावे.

तो मुलगा उपचार चालू असता केस गळालेल्या डोक्याने वर्गात आला, तेव्हा त्यास निराळे बसविण्यात आले. हे सर्वस्वी चूक होय. हा रोग स्पर्शाने वा सहवासाने पसरत नाही. उलट, औषधांमुळे अशा मुलाची प्रतिकारशक्ती घटते व इतरांचे रोग त्यालाच लवकर बाधतात. वर्गात गोवर वा कांजिण्या निघाल्यास त्याच्या पालकांस त्याच दिवशी कळवावे, आणि शाळेत असता त्यास ताप आला तर सुटीच्या घंटेपर्यंत थांबू नये.