जुनी पिकअप तापते? हेड उघडण्याआधी हे पाहा

माल भरून कसारा घाट चढताना जुन्या पिकअपचा काटा लाल रेषेवर जातो आणि गॅरेजमध्ये 'हेड उघडावे लागेल' असे ऐकावे लागते. हेडचे काम म्हणजे कित्येक फेऱ्यांची कमाई. म्हणून आमचे व्यापारी बांधवांना सांगणे आहे, की आधी स्वस्तातली कारणे तपासावीत.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे. गरम असताना उकळते पाणी अंगावर उडते. पाणी कमी असेल तर गळती शोधावी. झाकणाचे रबर पाहावे. दाब टिकला नाही, तर पाणी लवकर उकळते. फॅन बेल्ट सैल नसावा. रेडिएटरच्या जाळीतला चिखल, काडीकचरा धुऊन काढावा. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात बुडवून पाहावा. उघडला नाही तर नवा बसवावा. नुसत्या पाण्याने आत गंज धरतो, म्हणून कूलंट घालावे.

एवढे करूनही पाणी घटत असेल, ऑइल दुधाळ झाले असेल किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. मग मात्र गाडी रेटू नये. हेड वाकले, तर वाचवलेल्या फेरीपेक्षा खर्च मोठा.