थेंबामागे राहिलेला कातळ

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे धुऊन पालथा घातलेला स्टीलचा पेला बघता बघता कोरडा होतो आणि अंगावर पांढरे ठिपके घेऊन बसतो. नळाच्या तोटीवर, न्हाणीघरात, कूलरच्या जाळीवर तीच पांढुरकी पुटं. घासणी झिजते, डाग जात नाही, कारण मळावरचा इलाज आपण दगडावर करत असतो. खानदेशचा बराचसा भाग बेसाल्टच्या काळ्या कातळावर आणि तापीच्या गाळावर वसला आहे. मुरणारं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत जातं. थेंब वाळला की तो वायू उडून जातो आणि मागे उरतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणाला आयएस 10500 हे भारतीय मानक लिटरमागे 200 मिलिग्रॅमची मर्यादा घालतं आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. समजा, बोअरच्या पाण्यात 400 मिलिग्रॅम कठीणपणा आहे आणि कूलर दिवसाला 40 लिटर पाणी उडवतो. मग रोज 16 ग्रॅम, महिन्याला जवळपास अर्धा किलो क्षार घरातच उरतो! उन्हाळ्यात डाग वाढतात ते पाणी अचानक बिघडतं म्हणून नव्हे, तर ते जास्त उडतं म्हणून.

चुनखडी आंबटाला विरघळते. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तोटीला पंधरा-वीस मिनिटं गुंडाळून ठेवलं की पूट मऊ पडतं. मग पुसायचं आणि साध्या पाण्याने धुवायचं. साबणाचा इथे उपयोग नाही, उलट कॅल्शियमशी मिळून त्याचीच चिकट साय धरते. काचेवरचे जुने डाग मात्र लिंबालाही दाद देत नाहीत, कारण कातळातून आलेली सिलिकाही त्यांत असते. कोणी म्हणेल, एवढा वेळ कशाला, संडासाचं ॲसिड क्षणात काम करतं. करतं खरं, पण ते स्टीलही खातं, आणि ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सोडतं. शिवाय शहाबादी फरशी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे सगळे मुळात चुनखडीच्याच कुळातले. आंबटाला डाग आणि फरशी यांतला फरक कळत नाही, म्हणून कडप्प्याच्या ओट्यावर लिंबूसुद्धा चालवू नये.

कपड्यांची गोष्ट निराळी. गडद सुती कापडावर पांढुरकी झाक आली असेल तर ती क्षाराची. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर पुरतं. पण रेशमावर किंवा खळ दिलेल्या कापडावर पाण्याचं कडं उमटतं, ते बहुधा बाहेरून आलेलं नसतं. ओल पसरताना कापडातलीच खळ किंवा रंग कडेला लोटला जातो. तिथे लिंबू चोळलं तर रंग आणि जर दोन्हींची हानी. आधी आतल्या शिवणीवर रंग सुटतो का पाहावं, नसेल सुटत तर तो सगळा भाग सारखा ओला करून सावलीत वाळवावा.

मग यंत्रच का बसवू नये? आरओ बरंच पाणी मोरीत सोडतं. नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे न्हाणीघरासाठी ही चैन कशी परवडणार? पाणी मृदू करणाऱ्या यंत्राला मीठ लागतं आणि त्याचं खारं पाणी पुन्हा जमिनीतच मुरतं. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं आणि धरणाचं पाणी सहसा बोअरपेक्षा सौम्य असतं. धुणं बोअरवर उरकून शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा घेतला आणि तोटी, काच लगेच कोरड्या फडक्याने पुसली, तर थेंबाला दगड व्हायला सवड मिळत नाही. कूलरमध्ये मात्र नुसती भर घालत राहू नये. पाणी उडतं, क्षार टाकीत साठत जातो. आठवड्यातून एकदा उरलेलं पाणी ओतून टाकून टाकी नव्याने भरावी.