ताजच्या आधी सीएसटी

२६/११ म्हटलं की बहुतेकांना ताज हॉटेलच्या घुमटातून निघणारा धूर आठवतो. कॅमेरे तीन दिवस तिथेच रोखलेले होते. पण एकाच ठिकाणी सर्वाधिक माणसं मारली गेली ती सीएसटी रेल्वे स्थानकावर. बुधवार, २६ नोव्हेंबर २००८. रात्री दहाच्या आधी लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांवर दोघांनी एके-४७ चालवली. पन्नासहून अधिक जीव गेले, एकूण १६६ मृतांतला जवळजवळ तिसरा हिस्सा. या हल्ल्याचा अभ्यास इथूनच सुरू व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

कारण त्या रात्रीचं सगळं चित्र इथे दिसतं. रेल्वे पोलिसांकडे काठ्या आणि जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. निरीक्षक शशांक शिंदे इथेच धारातीर्थी पडले. उद्घोषक विष्णू झेंडे केबिनमधून हलले नाहीत. मागच्या बाजूने बाहेर पडा, असं ते माइकवरून प्रवाशांना सांगत राहिले. वृत्तछायाचित्रकार सेबॅस्टियन डिसोझा यांनी त्या दोघांपैकी अजमल कसाबचा फोटो टिपला आणि पुढे न्यायालयात साक्षही दिली.

तिथून निघालेले तेच दोघे कामा रुग्णालयात शिरले. बाहेरच्या गल्लीत पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर मारले गेले. गिरगाव चौपाटीवर साताऱ्याच्या केडंबे गावचे पोलीस तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलत कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवली. त्यांच्या शौर्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. एक हल्लेखोर जिवंत हाती लागला म्हणून खटला उभा राहिला आणि या हल्ल्याचा न्यायालयात तपासलेला इतिहास आपल्याला मिळाला, हे ऋण मात्र क्वचितच मांडलं जातं.

ते निकालपत्र मुळातून वाचण्यासारखं आहे. ऑर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयाने २०१० मध्ये कसाबला फाशी सुनावली, पण दोन भारतीय आरोपींना सोडलं. त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून दिलेल्या, मृत हल्लेखोराच्या खिशात सापडल्याचा दावा असलेल्या नकाशावर रक्ताचा डाग नव्हता. न्यायालयाचा त्यावर विश्वास बसला नाही. संतापलेल्या शहरात बसून पुरावा इतका पारखून घेणं सोपं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दोन्ही गोष्टी कायम केल्या, शिवाय थेट प्रक्षेपणाबद्दल वाहिन्यांना खडे बोल सुनावले. टीव्हीवर काय दिसतंय ते पाकिस्तानातले सूत्रधार फोनवरून ताजमधल्या हल्लेखोरांना कळवत होते. अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण नियमाने बंद व्हायला मात्र २०१५ उजाडलं.

हल्ल्यानंतरचे बाकी बदल सर्वांना ठाऊक आहेत: राष्ट्रीय तपास यंत्रणा (एनआयए), मुंबईतला एनएसजीचा तळ, राज्य पोलिसांचं फोर्स वन पथक, सागरी पोलीस ठाणी. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या त्रुटींवर बोट ठेवलं, पण केंद्रीय गुप्तचर यंत्रणा तिच्या कक्षेबाहेर होत्या. माझ्या मते सर्वांत मोठी उणीव हीच. बोटीतून दहा जण शहराच्या किनाऱ्याला लागतात, त्याचं उत्तर फक्त शहराच्या पोलिसांकडे कसं असेल?

हल्ल्याआधी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने २०१६ मध्ये अमेरिकेतून व्हिडिओद्वारे मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. त्याचा साथीदार असल्याचा आरोप असलेल्या तहव्वुर राणाला एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणलं गेलं. हल्ल्याचा सूत्रधार मानला जाणारा झकीउर रहमान लखवी मात्र २०१५ मध्ये पाकिस्तानात जामिनावर बाहेर आला. २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला शिक्षा दिली, पण ती दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल. २६/११ च्या खटल्यात नव्हे.