विश्लेषण : बाकावरचा चांगला खेळाडू संघाने सोडावा का? काय आहे आयपीएलच्या ‘ट्रेड’चा हिशेब?

खेड (रत्नागिरी) : आयपीएलचा लिलाव जवळ आला की चर्चा मोठ्या नावांचीच होते. पण संघव्यवस्थापनाची खरी डोकेदुखी वेगळीच असते. अकरा जणांत ज्याला जागा नाही, पण जो अडीअडचणीला हमखास उपयोगी पडेल, अशा खेळाडूचे काय करायचे? त्याला राखून ठेवायचे, की दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात काहीतरी मिळवायचे? कोकणात वाडीवाडीच्या टेनिस बॉल स्पर्धांमध्येही आता लिलाव होऊ लागल्याने हा प्रश्न खेड, दापोली, चिपळूणच्या संघचालकांनाही पडतो. गेल्या काही वर्षांतील आयपीएलचे व्यवहार पाहिले तर त्याचे उत्तर बऱ्यापैकी सापडते.

राखीव खेळाडूची किंमत कशावर ठरते?

हा प्रश्न अमेरिकेतील बेसबॉलमध्ये फार जुना आहे. तिथे मैदानाच्या मागच्या भागात डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे असे तीन क्षेत्ररक्षक असतात. त्यांच्या पाठीशी चौथा राखीव असतो. मेजर लीग बेसबॉलमध्ये एका संघाला हंगामात १६२ सामने खेळायचे असतात आणि संघात २६ खेळाडू असतात. इतके सामने म्हटल्यावर दुखापत, थकवा, विश्रांती हे आलेच. त्यामुळे चौथ्या खेळाडूला वर्षभरात बरीच संधी मिळते आणि दुसऱ्या संघांनाही त्याचा खेळ दिसतो. म्हणूनच जुलैअखेरच्या सुमारास ट्रेडची मुदत संपत आली की अशा राखीव खेळाडूंना मागणी येते.

आयपीएलचे गणित याच्या उलटे आहे. साखळीत प्रत्येक संघाला १४ सामने मिळतात. संघात मात्र कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू असतात. म्हणजे अकरा जण खेळत असताना सात ते चौदा जण बाहेर बसलेले असतात. एखादा चांगला खेळाडू संपूर्ण हंगाम पाणी आणि बॅट पोहोचवण्यात घालवू शकतो. २०२३ पासून ‘इम्पॅक्ट प्लेअर’चा नियम आला. नाणेफेकीच्या वेळी पाच बदली खेळाडूंची नावे द्यायची आणि त्यातला एक सामन्यात उतरवायचा, अशी त्यात सोय आहे. त्यामुळे बाराव्या खेळाडूचा भाव वाढला. तेराव्यापासून पुढच्यांची परिस्थिती मात्र फारशी बदललेली नाही.

आयपीएलमध्ये ट्रेड होतो कसा?

हंगाम संपल्यानंतर सात दिवसांनी ट्रेडची खिडकी उघडते आणि लिलावाच्या सात दिवस आधी बंद होते. लिलावानंतर ती पुन्हा उघडते आणि पुढचा हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधीपर्यंत खुली राहते. मात्र त्या लिलावात घेतलेला खेळाडू त्याच हंगामासाठी ट्रेड करता येत नाही.

व्यवहार दोन प्रकारचे असतात. पहिल्यात खेळाडूच्या बदल्यात खेळाडू दिला जातो, दुसऱ्यात फक्त पैशांवर सौदा होतो. खेळाडू ज्या रकमेवर करारबद्ध आहे ती रक्कम नव्या संघाच्या लिलावाच्या थैलीतून वजा होते आणि जुन्या संघाच्या थैलीत तेवढी जागा मोकळी होते. याशिवाय दोन संघ आपसात हस्तांतर शुल्क ठरवू शकतात. ते थैलीत धरले जात नाही आणि त्यातला जास्तीत जास्त निम्मा वाटा खेळाडूला मिळू शकतो.

ही पद्धत २००९ च्या हंगामाआधी सुरू झाली. मूळचा श्रीरामपूरचा झहीर खान तेव्हा बेंगळूरुहून मुंबईत आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईहून बेंगळूरुला गेला.

खेळाडूचे मत विचारात घेतात का?

आयपीएलमध्ये खेळाडूच्या संमतीशिवाय ट्रेड होत नाही. पण खेळाडूने स्वतःच दुसऱ्या संघाशी बोलणी सुरू केलेलीही चालत नाहीत. राजस्थानशी करार असताना दुसऱ्या संघाशी बोलणी केल्याबद्दल रवींद्र जडेजावर २०१० चा संपूर्ण हंगाम बंदी होती. तोच जडेजा नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर ट्रेड होऊन चेन्नईहून राजस्थानला परतला. त्यासाठी त्याचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आले. त्याच सौद्यात सॅम करन राजस्थानला आणि संजू सॅमसन चेन्नईला गेला.

बेसबॉलमध्ये मात्र बहुतेक खेळाडूंना संघ म्हणेल तिथे जावे लागते. दहा वर्षे मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच वर्षे सध्याच्या संघात काढलेल्या खेळाडूला नकार देण्याचा हक्क मिळतो. म्हणजे भारतातल्या राखीव खेळाडूच्या हातात निदान एक गोष्ट आहे. बाकावर बसून मोठ्या संघाचा शर्ट घालायचा, की दुसरीकडे जाऊन खेळायचे, हे तो ठरवू शकतो.

दिल्लीने सोडलेल्या दोघांचे काय झाले?

राखीव खेळाडू सोडल्याची दोन ठळक उदाहरणे दिल्ली कॅपिटल्सची आहेत. पहिले राहुल तेवतियाचे. दिल्लीने या लेगस्पिन अष्टपैलूला २०१८ मध्ये तीन कोटींना घेतले होते, पण अक्षर पटेल आणि अमित मिश्रा असताना त्याला पक्की जागा नव्हती. नोव्हेंबर २०१९ मध्ये रविचंद्रन अश्विनही पंजाबहून दिल्लीत आला. फिरकीचा कोटा भरला. पुढच्या काही दिवसांत तेवतिया आणि मयंक मार्कंडे राजस्थानला गेले आणि बदल्यात दिल्लीला अजिंक्य रहाणे मिळाला.

२७ सप्टेंबर २०२० रोजी शारजात राजस्थानला पंजाबविरुद्ध २२४ धावा हव्या होत्या. तेवतिया २३ चेंडूंत १७ धावांवर चाचपडत होता. मग शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात त्याने पाच षटकार ठोकले आणि सामना फिरला. त्या हंगामात त्याने २५५ धावा केल्या आणि १० बळी घेतले. २०२२ च्या लिलावात गुजरातने त्याच्यासाठी नऊ कोटी मोजले.

दुसरे उदाहरण हर्षल पटेलचे. २० लाखांच्या या गोलंदाजाला दिल्लीकडे मोजकेच सामने मिळत होते. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीने त्याला बेंगळूरुला दिले. पहिल्याच सामन्यात त्याने मुंबईविरुद्ध २७ धावांत पाच बळी घेतले आणि हंगामअखेर ३२ बळींसह पर्पल कॅप पटकावली. एका हंगामातील सर्वाधिक बळींच्या ड्वेन ब्राव्होच्या २०१३ मधील विक्रमाशी ही बरोबरी होती. पुढच्या लिलावात बेंगळूरुने त्यालाच १० कोटी ७५ लाखांना परत घेतले.

मग दिल्लीची चूक झाली का?

आकडे पाहून तसे वाटते. पण निर्णय घेतला तेव्हाची परिस्थिती पाहायला हवी. दिल्लीकडे कॅगिसो रबाडा आणि आनरिख नॉर्किया हे दोन वेगवान गोलंदाज होते. भारतीय वेगवान गोलंदाजांमध्ये हर्षलसारखाच आवेश खानही बाकावर होता. आवेश हर्षलपेक्षा सहा वर्षांनी लहान. दिल्लीने एकाला ठेवले, दुसऱ्याला जाऊ दिले. ठेवलेल्या आवेशने २०२१ मध्ये २४ बळी घेतले आणि दिल्ली साखळीत अव्वल राहिली. तेवतियाला सोडल्यानंतरच्या २०२० च्या हंगामात दिल्लीने प्रथमच अंतिम फेरी गाठली, तर तेवतिया चमकूनही राजस्थान तळाला राहिले.

म्हणजे खेळाडू दुसरीकडे चमकला एवढ्यावरून त्याला सोडणे चूक ठरत नाही. हर्षलला बेंगळूरुत शेवटच्या षटकांची जबाबदारी मिळाली. दिल्लीत ती मिळण्याची शक्यता कमी होती. दिल्लीच्या बाकावर बसून त्याचे ३२ बळी झाले नसते. दिल्लीला दोष द्यायचाच तर तो मोबदल्याबद्दल देता येईल. तेवतियाच्या बदल्यात अनुभवी फलंदाज आला. हर्षलच्या बदल्यात एकही खेळाडू आला नाही आणि २० लाखांनी थैलीत फारशी जागाही झाली नाही.

रहाणेचे उदाहरण काय सांगते?

याच व्यवहाराची दुसरी बाजू म्हणजे रहाणे. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा आणि डोंबिवलीत वाढलेला रहाणे राजस्थानचा माजी कर्णधार होता. एप्रिल २०१९ मध्ये त्याने दिल्लीविरुद्धच नाबाद १०५ धावा केल्या होत्या. दिल्लीत मात्र शिखर धवन, पृथ्वी शॉ, श्रेयस अय्यर, ऋषभ पंत अशी फळी होती. त्यामुळे २०२० च्या हंगामातले पहिले काही सामने त्याने बाहेर बसून काढले. हंगामात नऊ सामन्यांत त्याच्या नावावर केवळ ११३ धावा होत्या.

पण त्यातल्या ६० धावा २ नोव्हेंबर २०२० रोजी अबू धाबीत बेंगळूरुविरुद्धच्या शेवटच्या साखळी सामन्यात आल्या. तो सामना जिंकून दिल्ली दुसऱ्या स्थानी पोहोचली आणि अंतिम फेरीसाठी तिला दोन संधी मिळाल्या. राखीव खेळाडू हा विम्यासारखा असतो. वर्षभर हप्ता भरताना जड वाटतो, गरज पडते त्या दिवशी त्याचे मोल कळते.

खेळाडूला मात्र त्याची किंमत मोजावी लागते. २०२१ मध्ये रहाणे दिल्लीकडून फक्त दोन सामने खेळला. पुढे कोलकात्याने त्याला एक कोटीला आणि २०२३ साठी चेन्नईने ५० लाखांच्या मूळ किमतीला घेतले. ८ एप्रिल २०२३ रोजी वानखेडेवर मोईन अलीची तब्येत बिघडल्याने त्याला जागा मिळाली आणि त्याने २७ चेंडूंत ६१ धावा कुटल्या. त्या हंगामात त्याने १७२ च्या स्ट्राइक रेटने ३२६ धावा केल्या, चेन्नई विजेती ठरली आणि रहाणे कसोटी संघातही परतला. खेळाडू तोच होता, पण दोन वर्षे त्याला हवी तशी जागाच मिळाली नव्हती.

मुंबई इंडियन्सने काय केले?

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईने राखीव फळीच बदलली. पालघरचा शार्दूल ठाकूर दोन कोटींच्या मानधनावर लखनऊहून मुंबईत आला. अर्जुन तेंडुलकर ३० लाखांच्या मानधनावर मुंबईहून लखनऊला गेला. हे दोन स्वतंत्र व्यवहार होते.

शार्दूलचा हा तिसरा ट्रेड. याआधी २०१७ मध्ये तो पंजाबहून पुण्याला आणि २०२३ च्या हंगामाआधी दिल्लीहून कोलकात्याला गेला होता. २०२५ च्या लिलावात त्याच्यावर बोलीच लागली नव्हती. जखमी मोहसीन खानच्या जागी लखनऊने त्याला घेतले आणि त्याने १३ बळी मिळवले. गोलंदाजी करणारा आणि तळाला फटकेबाजी करणारा भारतीय खेळाडू दोन कोटींत मिळत असेल, तर हार्दिक पंड्या किंवा दीपक चहरला दुखापत झाल्यास मुंबईची अडचण कमी होते.

अर्जुनचा प्रश्न वेगळा होता. मुंबईकडून त्याला पाच सामने मिळाले आणि त्यात तीन बळी. जसप्रीत बुमरा, ट्रेंट बोल्ट आणि चहर असताना डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाची जागा बोल्टने व्यापली होती. तिथे राहून त्याची प्रतीक्षा आणखी लांबली असती. त्याला सोडून मुंबईची फळी दुबळी झाली नाही आणि त्याला नव्याने सुरुवात करण्याची वाट मिळाली.

राखीव खेळाडू कधी सोडावा, कधी ठेवावा?

या व्यवहारांवरून चार प्रश्न निघतात.

१. त्याच्या कामाचा दुसरा खेळाडू संघात आहे का? हर्षलला सोडताना दिल्लीकडे आवेश होता. एकुलता एक राखीव यष्टिरक्षक किंवा सलामीवीर सोडणे मात्र धोक्याचे ठरते.

२. बदल्यात येणारी गोष्ट संघातली खरी उणीव भरून काढते का? नुसते मोठे नाव आणले तर एक राखीव जाऊन दुसरा महाग राखीव येतो.

३. थैलीत किती जागा होते? २०-३० लाखांचा खेळाडू सोडून फारसे काही हाती लागत नाही. अशा वेळी खेळाडूच्या बदल्यात खेळाडूच मागावा.

४. पुढच्या हंगामात त्याला खेळवण्याचा खरोखर विचार आहे का? नसेल तर त्याला अडवून ठेवण्यात संघाचाही फायदा नाही. दोन हंगाम न खेळलेल्या खेळाडूची बाजारातली किंमत घसरते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचे तीन विचारण्याचे कारण नाही. त्याला ठेवावे. उत्तर ‘हो’ असेल आणि चौथ्याचे ‘नाही’, तर चांगला मोबदला घेऊन त्याला जाऊ द्यावे.

गावच्या संघांना याचा उपयोग काय?

वाडीच्या संघात कोट्यवधींचा व्यवहार नसतो, पण पेच तोच असतो. शिमग्याला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईकर गावी येतात आणि संघात त्यांची वर्णी लागते. वर्षभर सरावाला येणारा गावातला मुलगा मग सीमारेषेबाहेर बसतो. शेजारच्या वाडीने त्याला खेळायला बोलावले की ‘आपला माणूस तिकडे कशाला?’ असा सूर निघतो.

अशा वेळी संघचालकांनी स्पर्धेआधीच त्या मुलाला स्पष्ट सांगायला हवे. किमान दोन सामने देणार असू तर तसा शब्द द्यावा. देता येणार नसेल तर त्याला दुसऱ्या संघाकडून खेळू द्यावे. कबड्डीत सात जण मैदानात आणि पाच राखीव असतात, तिथेही हेच लागू होते. मुंबईकर चार दिवसांनी परत जातात. पुढच्या स्पर्धेला संघ उभा करायचा असतो तो गावात राहणाऱ्यांच्या जिवावरच. तोवर त्या मुलाने खेळणेच सोडले असेल, तर त्याची जागा भरायला कोणताही लिलाव उपयोगी पडत नाही.